खर्ज कोणाचा? मध्यलयीतील हाउस संगीत आणि डीजेचे स्वरमिश्रण

प्रास्ताविक

दोन ध्वनिमुद्रिका एकीमागून एक न वाजवता काही काळ एकमेकींवर ठेवून वाजवणे आणि त्या काळात दोहोंचे ठोके तंतोतंत जुळते ठेवणे, ही डीजेच्या कलेतील पायाभूत क्रिया होय. न्यूयॉर्क येथे १९७० च्या आसपास फ्रान्सिस ग्रासो याने ती रूढ केली, असे सामान्यतः मानले जाते. ठोक्यांबरोबर पट्टीही जुळली पाहिजे, हा आग्रह त्यानंतरचा. या दुसऱ्या क्रियेला 'हार्मोनिक मिक्सिंग' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख 'स्वरमिश्रण' असा केला आहे. २००६ मध्ये 'मिक्स्ड इन की' ही संगणक प्रणाली उपलब्ध झाल्यापासून प्रत्येक ध्वनिमुद्रणाची पट्टी यंत्राकडून आकड्यात मिळू लागली. परिणामी, एखाद्या डीजेच्या सादरीकरणाविषयी लिहिताना 'पट्ट्या जुळलेल्या होत्या' हे विधान प्रशस्तिपत्रासारखे वापरले जाऊ लागले.

हे प्रशस्तिपत्र कितपत ग्राह्य मानावे, हा येथील प्रश्न आहे. दोन रचनांचे स्वर परस्परांना खटकत नाहीत एवढ्यावरून त्यांच्यात संवाद घडला असे म्हणता येईल काय? मराठीतील संगीतसमीक्षा मुख्यतः गायक, राग, घराणे व नाट्यपद यांच्याभोवती वाढली असल्याने डीजेच्या कलेकडे तिचे लक्ष फारसे गेलेले नाही. तथापि स्वर ऐकण्याची जी परिभाषा तिच्याजवळ तयार आहे, ती या प्रश्नाच्या उलगड्याला यंत्राने दिलेल्या आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी पडते. शिकागोतील संगीतावर भारतीय शास्त्राचा प्रभाव होता, असे यातून सुचवावयाचे नाही. केवळ विश्लेषणाचे साधन म्हणून ही परिभाषा येथे योजली आहे.

मध्यलय आणि दीर्घ सहवास

हाउस संगीताचा जन्म शिकागोचा. 'वेअरहाउस' या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स १९७७ ते १९८२ या काळात तबकड्या वाजवीत असे. त्या नृत्यगृहाच्या नावावरूनच या प्रकाराला 'हाउस' म्हटले जाऊ लागले. पुढे त्याच्या अनेक शाखा झाल्या. त्यांपैकी मिनिटाला साधारणतः ११६ ते १२४ ठोक्यांच्या गतीत चालणाऱ्या, लांबवलेल्या कॉर्ड आणि खर्जाची गोलाईदार चाल असलेल्या शाखेला येथे 'मध्यलयीतील हाउस' म्हटले आहे. लॅरी हर्ड याने 'मिस्टर फिंगर्स' या नावाने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली 'कॅन यू फील इट' ही रचना या शाखेचा आदर्श मानली जाते. हर्ड मुळात ड्रमवादक होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ठेका त्याच्या हातात मुरलेला होता आणि तरीही या रचनेत ऐकणाऱ्याला धरून ठेवतात त्या ठेक्यावर तरंगणाऱ्या कॉर्डच.

गतीचे गणित साधे आहे. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार ठोक्यांचे आवर्तन दोन सेकंदांचे. या रचना आठ, सोळा, बत्तीस आवर्तनांच्या गटांत बांधलेल्या असतात. डीजेने दोन रचना बत्तीस आवर्तने एकमेकींवर ठेवल्या, तर श्रोता ६४ सेकंद दोन्ही एकदम ऐकतो. एका मिनिटाचा हा सहवास म्हणजे निव्वळ सांधा नव्हे. ती मूळच्या दोन्ही रचनाकारांनी न लिहिलेली तिसरी रचना असते. डीजेच्या सर्जनशीलतेचा शोध घ्यावयाचा तो याच मिनिटात.

येथे एक भेद मात्र आधीच नोंदवला पाहिजे. बहुसंख्य हाउस ध्वनिमुद्रणांचा प्रारंभ व शेवट केवळ तालवाद्यांचा असतो, आणि तो तसा ठेवलेला असतो तो मिश्रणाच्या सोयीसाठीच. एकीचा तालशेष दुसरीच्या तालारंभावर ठेवला तर पट्टीचा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. उच्चारित शब्दांचेही तसेच. 'कॅन यू फील इट'च्या नंतरच्या एका आवृत्तीवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण बसवण्यात आले. ते तेथे सहज सामावते, कारण बोलण्याला चढउतार असला तरी स्थिर षड्ज नसतो. सारांश, पट्टी जुळवण्याची गरज डीजे स्वतः होऊन ओढवून घेतो. ज्याला एकीच्या कॉर्डखाली दुसरीचा खर्ज हवा आहे, त्यालाच हा प्रश्न पडतो. मध्यलयीतील हाउसमध्ये तो वारंवार पडतो, कारण या शाखेत कॉर्ड काढून टाकल्या तर ऐकण्यासारखे फारसे उरत नाही.

तबकडीवरचा स्वर

आकड्यांची प्रणाली येण्यापूर्वी पट्टी जुळवणे किती अवघड होते, याची कल्पना आजच्या साधनांवरून येत नाही. तबकडीवर गती आणि स्वर एकमेकांना बांधलेले असतात. गती वाढवली की स्वर चढतो. १२० ठोक्यांची रचना १२४ वर आणावयाची तर गती ३.३ टक्के वाढवावी लागते आणि तेवढ्याने स्वर सुमारे ५७ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वरांतराच्या अर्ध्याहून थोडा अधिक, वर जातो. प्रमाणश्रुती सुमारे २२ सेंटची धरली तर हा फरक अडीच श्रुतींचा झाला. दोन्ही रचना कागदावर एकाच पट्टीतील असल्या तरी तबकडीवर त्या एकत्र बेसूर वाजतील. अर्ध्या स्वरांतराचा पूर्ण पल्ला गाठावयाचा तर गती जवळजवळ सहा टक्के वाढवावी लागते. टेक्निक्स कंपनीच्या १९७९ मधील एसएल-१२०० एमके-२ या यंत्रावर वरखाली आठ टक्क्यांची मुभा होती. म्हणजे ते शक्य होते. परंतु १२० ची रचना त्या खटाटोपात १२७ वर जाऊन पोहोचते आणि तिचा मध्यलयीचा स्वभावच हरवतो. शिकागोतील 'म्युझिक बॉक्स'मध्ये रॉन हार्डी तबकड्या मुद्दाम चढ्या गतीने वाजवीत असे, त्यात हाच चढलेला, काहीसा उत्तेजित स्वर अभिप्रेत होता. हार्डीला पट्टीची पर्वा नव्हती असे म्हणण्यापेक्षा त्याला वेगळा परिणाम हवा होता, असे म्हणणे अधिक योग्य.

या परिस्थितीची आठवण करून देणारा एक प्रयोग नाट्यशास्त्रात आहे. भरताने एकसारख्या मिळवलेल्या दोन वीणा घेतल्या. एक अचल ठेवली. दुसरी पायरीपायरीने उतरवत नेली आणि तिचे स्वर पहिलीच्या कोणत्या स्वरांशी येऊन मिळतात हे कानाने ठरवले. ध्रुववीणा व चलवीणा या नावांनी परिचित असलेला हा प्रयोग आणि दोन तबकड्यांपुढे उभा असलेला डीजे यांची प्रयोजने अगदी भिन्न आहेत. ऐकण्याची पद्धत मात्र तीच: एक स्वर स्थिर, दुसरा हलता, आणि निर्णय कानाचा.

पायोनियर कंपनीचे सीडीजे-१००० हे यंत्र २००१ मध्ये आले. त्यातील 'मास्टर टेम्पो'सारख्या सोयींमुळे गती व स्वर यांची ही गाठ सुटली. पट्टी तशीच ठेवून गती बदलता येऊ लागली. तीन-चार टक्क्यांच्या फरकात आवाजाला येणारा खरखरीतपणा सहसा लक्षातही येत नाही. आकड्यांची प्रणाली उपयुक्त ठरली ती या पार्श्वभूमीवर. स्वर जागच्या जागी राहत असतील तरच त्यांना लावलेल्या आकड्याला अर्थ.

चक्राचे गणित आणि त्याची मर्यादा

मार्क डेव्हिस याने प्रचारात आणलेल्या 'कॅमेलॉट' चक्रात घड्याळासारखे बारा आकडे असतात. प्रत्येक आकड्याला दोन पट्ट्या: 'ए' म्हणजे मायनर, 'बी' म्हणजे मेजर. नियम असा, की त्याच आकड्यावर राहावे, शेजारच्या आकड्यावर जावे किंवा त्याच आकड्याच्या दुसऱ्या अक्षराकडे वळावे.

मराठी वाचकाला हे चक्र परिचित भाषेत सांगता येते. शेजारचे दोन आकडे म्हणजे षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव. ८बी म्हणजे पांढरी एकचे मेजर सप्तक, बिलावल थाट. ९बी मध्ये सहा स्वर तेच राहून, पांढरी एक हाच षड्ज धरल्यास, शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम येतो; म्हणजे ती स्वरावली कल्याण थाटाची होते. एकाच आकड्याची दोन अक्षरे म्हणजे मूर्च्छना. ८बीच्याच स्वरांत धैवताला षड्ज मानले की पांढरी सहाचे मायनर सप्तक, आसावरी थाट, म्हणजेच ८ए मिळते. भरताने नऊ किंवा तेरा श्रुतींच्या अंतरावरील स्वरांना संवादी म्हटले. मध्यम व पंचम यांची तीच अंतरे चक्रात शेजार म्हणून मांडलेली आहेत. चक्राचा पाया भक्कम आहे, याविषयी शंका नसावी.

अडचण दुसरीकडे आहे. चक्रात चोवीसच घरे आहेत आणि हाउस संगीत त्या घरांत राहतेच असे नाही. सुरुवातीच्या अनेक रचनाकारांनी एक कॉर्ड सॅम्पलरमध्ये अथवा सिंथेसायझरच्या स्मृतीत साठवली आणि एका बोटाने ती वरखाली सरकवली. समजा, ती मायनर सेव्हन्थ कॉर्ड आहे. पांढरी सहावर तिचे स्वर सा, कोमल ग, प, कोमल नी असे येतात. तीच कॉर्ड एक पूर्ण स्वर खाली सरकवली की पांढरी सहा हाच षड्ज धरून कोमल नी, कोमल रे, मध्यम, कोमल ध हे स्वर मिळतात. दोहोंची बेरीज केली तर रे, ग, ध, नी चारही कोमल: भैरवीची पूर्ण स्वरावली हाती येते. चक्रात भैरवीला घर नाही. खर्जावरून पट्टी ठरवली तर ही रचना ८ए. स्वरांच्या मोजदादीवरून ठरवली तर ७ए अथवा ७बी. आता ८ए हा शिक्का खरा मानून डीजेने नियमानुसार ९ए ची रचना तिच्यावर ठेवली, तर एकीकडचे कोमल ऋषभ आणि कोमल धैवत दुसरीकडच्या शुद्ध ऋषभाशी आणि शुद्ध धैवताशी एकाच वेळी घासतात. आकडे शेजारी आणि स्वर मात्र भांडत आहेत, असा हा प्रकार. यंत्र चुकले असे म्हणून यातून सुटका नाही, कारण त्या चोवीस घरांत बरोबर उत्तरच नाही.

खर्ज बदलतो तेव्हा

चक्राची याहून मोठी उणीव अशी, की ते दिशाहीन आहे. ८ वरून ७ वर जाणे आणि ७ वरून ८ वर येणे ही त्याच्या लेखी एकच गोष्ट. कानाच्या लेखी ती एक नाही. असे का, हे समजण्यासाठी मिक्सरवर प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे लागते.

दोन रचनांचे खर्ज एकाच वेळी वाजवले तर पट्टी जुळत असूनही गदळ ऐकू येते. म्हणून डीजे येणाऱ्या रचनेचा खालचा भाग बटणाने दाबून ठेवतो, वरचा भाग हळूहळू उघडतो आणि ठरवलेल्या आवर्तनाच्या समेवर एकीचा खर्ज काढून दुसरीचा आत सोडतो. तंत्र म्हणून हे प्रत्येक नवशिक्याला शिकवले जाते. त्याचा स्वरविषयक अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो. मराठीत 'खर्ज' हा शब्द षड्जापासूनच आलेला आहे, आणि आपण तो मंद्र आवाजासाठीही वापरतो. भाषेतील हा जोड अर्थ येथे अक्षरशः लागू पडतो. ज्या रचनेचा खर्ज वाजत असतो तिचाच षड्ज त्या घटकेला ऐकणाऱ्याचा षड्ज असतो. वर तरंगणाऱ्या कॉर्ड कोणाच्याही असोत. तंबोरा तोच, गायकही तोच, पण जोडाची तार दुसऱ्या स्वरात मिळवली, की वरच्या सुरावटीचे नातेच बदलते. खर्ज बदलणे म्हणजे चालू मैफलीत तंबोरा बदलणे.

उदाहरण घेऊ. पहिली रचना पांढरी सहाची, ८ए. तिच्या वर लांबवलेली मायनर सेव्हन्थ कॉर्ड आहे. दुसरी पांढरी दोनची, ७ए. पहिलीची कॉर्ड तशीच ठेवून समेवर दुसरीचा खर्ज सोडला. तेच चार स्वर आता पांढरी दोनच्या षड्जावर प, कोमल नी, रे, म असे ऐकू येतात. त्यांत गंधार नाही. रचना मेजर की मायनर, हे काही आवर्तने ठरतच नाही. कॉर्ड जणू पाय न टेकवता उभी राहते. मग दुसरीच्या स्वतःच्या कॉर्डमधून कोमल गंधार येतो आणि चित्र पूर्ण होते. पहिलीची कॉर्ड एका स्वरानेही न बदलता तिचा अर्थ बदलला, ही त्या मिनिटाची कमाई.

आता उलट दिशा पाहा. पांढरी दोनची कॉर्ड वर आहे आणि खाली पांढरी सहाचा खर्ज आला. नव्या षड्जावर ते स्वर म, कोमल ध, सा, कोमल ग असे होतात. कोमल गंधार पहिल्याच क्षणी हजर असल्याने मायनर स्वभाव ताबडतोब जाहीर होतो. शिवाय कोमल धैवत पंचमाकडे उतरण्यासाठी ओढ घेत राहतो. ही ओढ वाईट नव्हे, पण ती उत्तर मागते. येणाऱ्या रचनेत पंचम ठळकपणे वाजत असेल तर हे मिश्रण पहिल्यापेक्षाही परिणामकारक होईल. नसेल तर ६४ सेकंद काहीतरी अपुरे राहिल्याची जाणीव श्रोत्याला होत राहील, कारण न कळूनही. दोन्ही मिश्रणे चक्राच्या नियमात सारखीच बसतात.

डीजेचे कौशल्य पारखावयाचे ते येथे. शेजारचा आकडा कोणालाही सापडतो. खर्ज कोणत्या समेवर बदलावा, त्या क्षणी वर कोणाची कॉर्ड असावी आणि ती किती काळ अनिश्चित ठेवावी, हे आकड्यात येत नाही. केवळ शेजाराच्या नियमाने बांधलेले दोन-दोन तासांचे सेट ऐकताना जो सपाटपणा जाणवतो त्याचे मूळही येथेच असावे. त्यांत खटकत काहीच नाही आणि कशाची वाटही पाहावी लागत नाही.

हा सपाटपणा घालवण्यासाठी सुचवला जाणारा एक उपाय म्हणजे चक्रावर सात घरे पुढे जाणे, उदाहरणार्थ ८ए वरून ३ए वर. प्रत्यक्षात ही अर्ध्या स्वरांतराची चढण असते. अखेरचे कडवे पट्टी चढवून म्हणण्याची चित्रपटगीतांतील क्लृप्ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना तिचा परिणाम वेगळा सांगावयास नको. मध्यलयीतील हाउसमध्ये ती बहुधा उपरी वाटते. पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या कॉर्ड एकमेकींवर ठेवताच येत नाहीत. तालवाद्यांच्या आडोशाने पट्टी बदलावी लागते आणि या शाखेचे सारे वैभव असलेला दीर्घ सहवासच सोडून द्यावा लागतो.

ललितापुढील पेच

या चर्चेला मुंबईशी जोडणारा एक खरा दुवा आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही वाद्ये त्यांनी तीत वापरली. टीबी-३०३ चा जो वळवळता खर्ज पुढे शिकागोत अॅसिड हाउसची ओळख बनला, तो येथे रागांखाली ऐकू येतो. ध्वनिमुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाले आणि जगभरातील डीजेंचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. अॅसिड हाउसचा शोध मुंबईत लागला असा दावा त्यानंतर उत्साहाने केला गेला. तो अतिशयोक्त आहे. शिकागोतील कलावंतांना ही ध्वनिमुद्रिका ठाऊक असल्याचे कोठे दिसत नाही. परंतु स्वरमिश्रणाच्या दृष्टीने तिचे महत्त्व वेगळेच आहे आणि त्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही.

तीतील दहा रागांत भूपाळी आणि मालकंस दोन्ही आहेत. भूपाळीच्या गंधाराला षड्ज मानले की मालकंस मिळतो, हे संगीताच्या प्राथमिक विद्यार्थ्यासही माहीत असते. पांढरी चारची भूपाळी आणि पांढरी सहाचा मालकंस यांचे पाचही स्वर एकच. केवळ स्वरांची मोजदाद करणाऱ्या प्रणालीने दोहोंना एकच आकडा दिला तर तिला दोष देता येणार नाही. पण भूपाळीवर मालकंसाचा खर्ज सोडला तर काय होते, हे आकडा सांगत नाही: एकही स्वर न बदलता संध्याकाळचे प्रसन्न वातावरण मध्यरात्रीच्या गांभीर्यात उतरते. वर वर्णिलेल्या खर्जबदलाचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण.

ललित मात्र खरा पेच टाकतो. त्यात पंचम वर्ज्य, मध्यम दोन्ही. संपूर्ण चक्र पंचमाच्या नात्यावर उभे आहे, आणि येथे पंचमच नाही. हाउसमधील कोणतीही नेहमीची मायनर कॉर्ड त्याच षड्जावर आणली की तिच्यातला पंचम ललिताचे रूप पुसून टाकतो. अशा ध्वनिमुद्रणाला शेजारी कोणता द्यावा? ज्याचा खर्ज षड्ज आणि शुद्ध मध्यम यांच्यातच फिरतो आणि ज्याच्या कॉर्ड उशिरा येतात असा. त्या येईपर्यंत ललिताची धून संपलेली असली पाहिजे, म्हणजे सोळा आवर्तने, फार तर चोवीस. अशी रचना शोधण्यासाठी डीजेला आपला संग्रह आकड्यांच्या क्रमाने न लावता खर्जाच्या चालींनुसार एकेक करून ऐकावा लागेल.